भीड, चौकट आणि खोली : अबोल तरुणाची हास्यचित्रे आणि कात्रजचे वास्तव

१

अबोल आणि एकांतप्रिय तरुणाच्या रोजच्या फजितीवर आधारलेली हास्यचित्रमालिका हा गेल्या दीड दशकात जगभर लोकप्रिय झालेला चित्रप्रकार आहे. अमेरिकेतील सारा अँडरसन यांची २०११ साली सुरू झालेली 'साराज स्क्रिबल्स' ही मालिका आणि इंग्लंडमधील डेबी टंग यांचे २०१७ साली प्रसिद्ध झालेले 'क्वायट गर्ल इन अ नॉयझी वर्ल्ड' हे पुस्तक ही त्याची ठळक उदाहरणे होत. समारंभाला जावे की न जावे या विवंचनेत पडणारी, चार माणसांत बसून आल्यावर थकून जाणारी, पुस्तक, पांघरूण आणि गरम चहा यांत सुख मानणारी व्यक्ती या चित्रांच्या केंद्रस्थानी असते. घटना क्षुल्लक, रेषा साधी आणि शब्द मोजके असूनही 'हे माझेच चित्र आहे' असा प्रत्यय वाचकास येतो आणि तो हसतो.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाने या प्रकाराची दखल घ्यावी, याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, अबोल माणूस हा मराठी विनोदाला नवा नाही. गेल्या शतकातील मराठी विनोदाचे काही श्रेष्ठ नायक भिडस्तच आहेत. दुसरे असे की, मराठी विभागांत शिकणारे विद्यार्थी आज ही चित्रे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नित्य पाहतात आणि त्यांतील शब्द स्वतःच्या स्वभावाचे वर्णन करण्यासाठी वापरतात. दूरच्या समाजात घडलेली एक विनोदी प्रतिमा येथील तरुणाच्या अंगाला कितपत बसते, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. तो मोघमपणे न विचारता एखाद्या विशिष्ट स्थळाच्या संदर्भात विचारणे अधिक फलदायी ठरेल. या लेखात पुण्याच्या दक्षिण टोकावरील कात्रज हा परिसर त्यासाठी घेतला आहे. नव्या हास्यचित्रांतील अबोल व्यक्तीला स्वतःची खोली असते, तर मराठी विनोदातील भिडस्त माणूस सदैव गर्दीत सापडलेला असतो. कात्रजच्या तरुणाचे मौन या दोहोंच्या दरम्यानचे आहे आणि ते केवळ स्वभावाचे म्हणून वाचले, तर त्याचा मोठा भाग नजरेतून निसटतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. कार्ल युंग याने १९२१ सालच्या आपल्या ग्रंथात व्यक्तिमत्त्वाचे जे दोन प्रकार मांडले, त्यांना मराठीत 'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' असे पर्याय रूढ झाले. परंतु 'अंतर्मुख' हा शब्द मराठीत केवळ मानसशास्त्रीय अर्थाने वापरला जात नाही. एखादे नाटक प्रेक्षकाला अंतर्मुख करते, असे समीक्षक लिहितो, तेव्हा तो गौरव असतो. अंतर्मुख 'होणे' ही येथे क्रिया आहे, कायमची प्रकृती नव्हे.

स्वभाव म्हणून अबोलपणाचा निर्देश करायचा, तर मराठी भाषक वेगळे शब्द काढतो : भिडस्त, बुजरा, लाजाळू, मुखदुर्बळ, घुमा, एकलकोंडा, माणूसघाणा. या शब्दांची प्रतवारी लक्षणीय आहे. 'भिडस्त' या शब्दात सहानुभूती आहे, 'मुखदुर्बळ' मध्ये कीव आहे, 'घुमा' मध्ये संशय आहे आणि 'माणूसघाणा' मध्ये उघड निषेध आहे. लिंगभेदानेही मूल्य पालटते. जे मौन मुलीच्या बाबतीत शालीनता म्हणून वाखाणले जाते, तेच मुलाच्या बाबतीत घुमेपणा ठरते. बोलणाऱ्याचे हुलगेही खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूदेखील पडून राहतात, या अर्थाची म्हण हाच व्यवहार सांगते.

यांतील 'भीड' ही संकल्पना विशेष महत्त्वाची आहे. भीड कोणाची तरी असते, कोणापुढे तरी पडते आणि सवयीने चेपते. म्हणजे भीड हा दोन माणसांमधील संबंध आहे. तो एकट्या माणसाच्या मनाचा गुणधर्म नाही. नव्या हास्यचित्रांतील अबोलपणा याच्या उलट आहे. तो व्यक्तीच्या आत आहे, जन्मजात आहे आणि तिची ओळखही आहे. भिडस्त माणसाला आपली भीड कधीतरी चेपेल अशी आशा असते. अंतर्मुख म्हणवून घेणाऱ्याला तशी आशा नको असते. जगाने आपल्याला आहोत तसे स्वीकारावे, एवढीच त्याची मागणी असते. एकाच दिसणाऱ्या वर्तनामागचा हा भेद विनोदाची जातच बदलून टाकतो.

३

मराठी गद्यविनोदातील भिडस्त नायकाची परंपरा या दृष्टीने पाहता येते. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांचा चिमणराव हा तिचा आद्य आणि अद्याप न ओलांडला गेलेला प्रतिनिधी होय. चिमणराव भित्रा, सरळ आणि गोंधळलेला, तर त्याचा भाऊ गुंड्याभाऊ धिप्पाड, धीट आणि कोणत्याही प्रसंगात उडी घेणारा. चिमणरावाची फजिती बहुधा एकांतात होत नाही. ती कुटुंबात, प्रवासात, समारंभात, म्हणजे चारचौघांत होते. त्याला माणसे टाळता येत नाहीत आणि टाळावी असे वाटण्याइतकी सवडही मिळत नाही.

परंतु येथे एक रचनात्मक बाब ध्यानात घ्यावयास हवी. चिमणरावाच्या कथा चिमणराव स्वतः सांगतो. जो माणूस प्रसंगात हतबल आहे, तो निवेदनात मात्र कमालीचा वाक्पटू आहे. प्रत्यक्षात जे बोलता आले नाही, ते तो वाचकापाशी बोलतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'असा मी असामी' (१९६४) मधील धोंडो भिकाजी जोशी याच घराण्यातला. कुटुंबाच्या आणि भोवतालच्या माणसांच्या हौसेमागे फरफटत जाणारा हा कारकून प्रसंगात बहुधा होकारच देतो आणि त्याचा नकार फक्त निवेदनात उमटतो. प्रसंगातील मौन आणि निवेदनातील वाचाळता यांमधील अंतर हे या विनोदाचे उगमस्थान आहे.

'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) मधील सखाराम गटणे हा मात्र निराळा नमुना आहे. तो तरुण आहे, अतिवाचनाने ग्रंथमय झालेला आहे आणि बोलतो तेही छापील भाषेत. आजच्या परिभाषेत त्याला सहज अंतर्मुख म्हटले जाईल. परंतु गटणे स्वतः निवेदन करीत नाही. त्याच्याविषयी दुसराच कोणी सांगतो आणि तो सांगणारा बोलका, लोकप्रिय, सभा जिंकणारा लेखक आहे. गटणेचे हसू येते ते बोलक्या माणसाच्या नजरेतून. त्या नजरेत माया आहे हे निर्विवाद, पण तरीही गटणे हा पाहिला गेलेला माणूस आहे. त्याला आतून काय वाटत होते, हे वाचकास कधीच कळत नाही. नव्या हास्यचित्रांनी नेमकी हीच जागा घेतली आहे. तेथे जणू गटणेच स्वतःची चित्रे काढू लागला आहे.

४

आता चित्रपरंपरेकडे वळता येईल. शि. द. फडणीस (जन्म १९२५) यांनी मराठी मासिकांच्या मुखपृष्ठांवर शब्दविरहित हास्यचित्र प्रतिष्ठित केले. 'मोहिनी'चे १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील त्यांचे एक मुखपृष्ठ सर्वपरिचित आहे. त्यात एक तरुण आणि एक तरुणी आहेत. तिच्या साडीवर उंदरांची नक्षी आहे, तर त्याच्या शर्टावर मांजरांची. दोघे एकमेकांशी काही बोलत नाहीत. जे घडावयाचे ते कापडावरच्या नक्षीत घडते. तरुण स्त्री-पुरुषांच्या सार्वजनिक जवळिकीतील सारा संकोच येथे वस्त्रांवर ढकलला गेला आहे. मनातले बोलण्याची सोय नसलेल्या समाजात मनातले वस्तूंच्या द्वारे बोलून दाखविणे, हे या शब्दविरहित चित्राचे मर्म म्हणता येईल.

आर. के. लक्ष्मण (१९२१–२०१५) यांचा सामान्य माणूस ही मौनाची दुसरी तऱ्हा आहे. इंग्रजी दैनिकातून १९५१ पासून भेटणारा, धोतर आणि चौकड्यांचा कोट घातलेला हा गृहस्थ प्रत्येक प्रसंगी उपस्थित असतो आणि कधीच बोलत नाही. पुण्यात सिंबायोसिस संस्थेच्या आवारात २००१ साली त्याचा पुतळाही उभा राहिला. तथापि त्याचे मौन भिडेचे नाही. ते नागरिकाचे, साक्षीदाराचे मौन आहे. शिवाय तो वयाने प्रौढ आहे. तारुण्यातील संकोच हा त्याचा विषय नव्हे.

मराठी दैनिकांतील सर्वांत परिचित चित्रमालिका म्हणजे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू'. १९९१ साली पुण्याच्या 'सकाळ' मधून तो सुरू झाला. त्याचे जग आईवडील, मित्रमंडळी आणि शेजारी यांनी भरलेले आहे आणि त्याचा विनोद मुख्यतः संवादाच्या फुग्यांतून फुलतो. कुटुंबाच्या उबेत सुरक्षित असल्याने मूल बिनधास्त बोलू शकते. मूलपण संपले आहे आणि गृहस्थपण आलेले नाही, अशा मधल्या वयाचा, घर सोडून शहरात आलेला तरुण मात्र शब्दविरहित हास्यचित्र, राजकीय व्यंगचित्र आणि कौटुंबिक चित्रमालिका या तिन्ही परिचित प्रकारांच्या कडेला राहतो.

नव्या मालिकांनी या वयाला केंद्र दिले. त्यांचे साधन म्हणजे विचाराचा फुगा. एका चौकटीत पात्र तोंडाने 'हो, येते ना' असे म्हणते आणि डोक्यावरच्या फुग्यात नेमके उलट लिहिलेले असते. मराठी वाचकाला हे तंत्र अपरिचित वाटण्याचे कारण नाही, कारण संगीत रंगभूमीवरील स्वगताचा संकेत हाच होता. शेजारच्या पात्राला ऐकू न जाणारे बोलणे शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला ऐकू जाई. इब्सेनच्या वळणाच्या नाटकाने स्वगत बाजूला सारले, पण चित्रचौकटीने ते जपून ठेवले. स्कॉट मॅक्लाउड याने १९९३ सालच्या आपल्या विवेचनात दोन चौकटींमधील रिकाम्या पट्टीचे महत्त्व दाखवून दिले आहे. जे तेथे काढलेले नसते, ते वाचक स्वतः पुरे करतो. अबोल पात्राच्या बाबतीत ही पट्टी विशेष अर्थपूर्ण होते. 'बोलावे' असे ठरविणे आणि 'बोललो नाही' हे उमगणे या दोन चौकटींच्या मध्ये जे घडते, ते चित्रकाराला काढावे लागत नाही. ते वाचकाने भोगलेले असते.

५

या मालिकांचा शेवट पुष्कळदा एकाच ठिकाणी होतो. दार बंद होते, पात्र पांघरुणात शिरते आणि जग बाहेर राहते. विनोदाचा ताण सुटतो तो त्या बंद दारामुळे. म्हणजे येथे खोली हे केवळ नेपथ्य नाही. ती विनोदाच्या रचनेचा भाग आहे. व्हर्जिनिया वुल्फ हिने १९२९ साली लेखिकेसाठी स्वतंत्र खोलीची आवश्यकता मांडली होती. अबोल माणसाच्या विनोदालाही तीच पूर्वअट लागते, असे या चित्रांवरून म्हणावे लागते.

कात्रजचा प्रश्न नेमका येथे उपस्थित होतो. पेशवेकाळात या गावच्या तलावातून भुयारी नळाने शहराला पाणी पुरविले जाई. आज सातारा रस्त्यावरील घाटाच्या पायथ्याशी पसरलेले कात्रज हे शहराचे दाट वस्तीचे दक्षिणद्वार आहे. लगतच्या धनकवडीत भारती विद्यापीठाचे मोठे शैक्षणिक संकुल आहे. सातारा, सांगली या बाजूंनी येणारा विद्यार्थी येथे उतरतो आणि पुष्कळदा येथेच राहतो. त्याला खोली मिळते ती 'कॉट बेसिस' वर. म्हणजे त्याच्या वाट्याला खोली नव्हे, तर एका खोलीतील एक कॉट येते. त्या कॉटच्या चारी बाजूंना दार नसते. दिवा कधी मालवायचा, भ्रमणध्वनीवर किती मोठ्याने बोलायचे, घरून आलेला डबा कोणी उघडायचा, या प्रत्येक बाबतीत त्याला रूम पार्टनरशी बोलावे लागते किंवा न बोलता सोसावे लागते. मेसमध्ये ताट रिकामे असूनही 'आणखी एक चपाती' हे तीन शब्द तोंडातून न निघणे, हा त्याचा रोजचा प्रसंग असू शकतो.

घराबाहेरही हीच स्थिती. कात्रज हे नगरबसचे महत्त्वाचे टोक आहे. स्वारगेट ते कात्रज या रस्त्यावर २००६ च्या अखेरीस शहरातील पहिला जलद बसमार्ग प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला होता. पहिल्या थांब्यावर बसणाऱ्याला खिडकी मिळते, एवढीच काय ती अबोल प्रवाशाची चैन. पुढे बस भरत जाते आणि उतरावयाच्या थांब्यावर 'जरा सरकता का' असे म्हणण्याचे धैर्य न झाल्यास पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत यावे लागते. या प्रसंगात उत्तम हास्यचित्राची सर्व सामग्री आहे. फक्त शेवटची चौकट वेगळी असेल. चालत परत आलेला हा तरुण दार बंद करून पांघरुणात शिरू शकत नाही, कारण खोलीत अगोदरच तिघे बसलेले असतात आणि त्यांतील एकाचा वाढदिवस असतो.

भारतीय चित्रकादंबरीत याची चाहूल पूर्वीच लागलेली आहे. अमृता पाटील यांच्या 'करी' (२००८) या इंग्रजी कृतीतील मितभाषी, आत्ममग्न तरुणी मुंबईसदृश महानगरात जाहिरातसंस्थेत काम करते आणि इतरांबरोबर एका सदनिकेत राहते. तिचा एकांत हा भिंतींनी राखलेला नाही. तो तिला गर्दीच्या आत, मनाच्या बळावर उभा करावा लागतो. कृतीचा सूर विनोदाहून गंभीर असला, तरी खोलीवाचूनचा एकांत चित्रित करण्याचे दृश्यतंत्र तिच्यापासून शिकता येण्यासारखे आहे.

६

येथवरच्या विवेचनातून असा समज होण्याचा संभव आहे की, भेद केवळ जागेचा आहे. कात्रजच्या विद्यार्थ्याला स्वतंत्र खोली मिळाली की तोही पाश्चात्त्य चित्रांतील नायक होईल, असे कोणी म्हणू शकेल. परंतु प्रश्न याहून खोल आहे. तो मौनाच्या कारणांचा आहे.

नवी हास्यचित्रे मौनाचे एकच कारण गृहीत धरतात : स्वभाव. ही त्यांची शक्तीही आहे. ज्याला आजवर घुमा किंवा माणूसघाणा म्हटले गेले, त्याला 'हा दोष नाही, ही प्रकृती आहे' असे सांगणारा विनोद मोठा दिलासा देतो. हसण्याचा रोखही येथे उलटतो. पूर्वी बोलका समाज अबोल माणसाला हसत असे. आता अबोल माणूस स्वतःला आणि जाताजाता बोलक्या समाजालाही हसतो. हे स्थित्यंतर मोलाचे आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु मराठी समाजात मौनाची इतरही कारणे आहेत. गावाकडची बोली बोलणारा विद्यार्थी पुण्यात गप्प होतो, याचे कारण त्याचा स्वभाव असेलच असे नाही. 'न' आणि 'ण' यांच्या उच्चारावरून एकदा हशा झाला, तर पुढचे सत्र तो तोंड उघडत नाही. आपल्या घरच्या शब्दाला येथे 'अशुद्ध' म्हणतात, हे कळलेला माणूस बोलण्यापूर्वी प्रत्येक वाक्य मनात तपासून घेतो आणि तपासणी पुरी होईतो विषय पुढे गेलेला असतो. जातीचा आणि वर्गाचा अनुभव, आईवडिलांच्या शिक्षणाचा अभाव, मुलीवर लहानपणापासून असलेली हळू बोलण्याची सक्ती, ही सारी कारणे त्याच एका मौनात मिसळलेली असतात. गावात पारावर मित्रांना खदखदून हसविणारा मुलगा कात्रजच्या खोलीत 'अंतर्मुख' म्हणून ओळखला जाऊ लागतो आणि काही दिवसांनी स्वतःही तसे समजू लागतो.

येथे 'भीड' या जुन्या शब्दाचे सामर्थ्य ध्यानात येते. तो शब्द 'कोणाची ?' असा प्रश्न विचारायला भाग पाडतो. 'मी अंतर्मुख आहे' या वाक्यात दुसरा पक्ष नाही. 'मला भीड पडते' या वाक्यात तो अध्याहृत आहे. कात्रजच्या तरुणाचे हास्यचित्र यशस्वी व्हायचे, तर त्याला विचाराचा फुगा नव्या मालिकांकडून आणि दुसरा पक्ष चिमणरावाच्या परंपरेकडून घ्यावा लागेल. आत काय चालले आहे हे दाखवावे लागेल आणि ज्याच्यापुढे जीभ लुळी पडते तो कोण, हेही चौकटीत आणावे लागेल. केवळ पहिले केले, तर चित्र गोड पण एकाकी होईल. केवळ दुसरे केले, तर गटणेप्रमाणे पुन्हा बाहेरून पाहिलेले होईल.

७

या विवेचनाचा अध्यापनाशी थेट संबंध आहे. मराठी विभागांत भित्तिपत्रके लिहिली जातात आणि त्यांवर अनामिक हास्यचित्रे अधूनमधून येतात. साहित्यप्रकार म्हणून त्यांची नोंद सहसा होत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील अशी चित्रे एकत्र करून तीन प्रश्नांच्या आधारे वाचावीत : पात्र मनात काय म्हणते, ते कोणापुढे म्हणत नाही आणि शेवटच्या चौकटीत त्याला जाण्यासाठी जागा कोठे आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे विनोदाचे स्वरूप तर उलगडतीलच, शिवाय त्या परिसराच्या सामाजिक रचनेविषयीही बरेच सांगून जातील.

आणि एक चौकट अध्यापकासाठीही राखून ठेवावयास हवी. तोंडी परीक्षेचा दिवस आहे. टेबलापलीकडे दोन परीक्षक बसलेले आहेत. अलीकडे ग्रंथ मनापासून वाचलेला विद्यार्थी आहे. त्याच्या डोक्यावरचा फुगा उत्तराने काठोकाठ भरला आहे आणि तोंडापाशी मात्र कोरा फुगा आहे. परीक्षकाला फक्त दुसरा फुगा दिसतो आणि गुण त्यालाच दिले जातात. हे चित्र पाहून विद्यार्थी हसतील. ते पाहून अध्यापकाला थोडे कमी हसू यावे, एवढी अपेक्षा साहित्याच्या अभ्यासाकडून बाळगणे वावगे होणार नाही.